डायलिसिसच्या खुर्चीवर चित्रकला : आधार की लुडबुड?

रंगपेटी : आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी ४ तास, तेही वर्षानुवर्षं. मोबाइल नाहीतर छत, एवढंच समोर. प्रत्येक युनिटने चित्रकला सुरू करावी असं माझं मत. वेळ मात्र नेमकी धरायची. पहिला अर्धा तास सुया आणि बीपीत जातो, शेवटच्या तासात बीपी पडतं, पायात गोळे येतात. मधले दोन-अडीच तास आपले. फिस्टुला (सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) शक्यतो डाव्या, म्हणजे कमी वापरातल्या हाताला करतात, त्यामुळे लिहिता हात मोकळा असतो. क्लिपबोर्डवर कागद चारही कोपऱ्यांना मास्किंग टेपने चिकटवायचा. कागद सरकला की माणूस नकळत दुसरा हात पुढे करतो, आणि तिथेच घात होतो.

पंप_चालू : असहमत. घात किती, तेही लिहा ना! रक्त परत आत सोडणारी सुई निसटली तर अलार्म वाजेलच असं नाही. कित्येकदा नळीतला दाब तेवढा खाली येतच नाही. पंप मिनिटाला ३०० मिलिच्या आसपास रक्त फिरवतोय, हिशोब तुम्हीच करा. त्यात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं. फिस्टुलाचा हात सतत उघडा दिसायला हवा; त्यावर बोर्ड नको, चादर नको.

रंगपेटी : मान्य, म्हणून बोर्ड विरुद्ध बाजूच्या मांडीवर, खाली उशी. कात्री-कटर नाहीच. फिस्टुलाऐवजी मानेत कॅथेटर (नळी) असेल तर दोन्ही हात मोकळे, पण वाकून काढायचं नाही.

सिस्टर_दुसरीपाळी : माझा आक्षेप सामायिक खडूंना. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवस तग धरतो. मशीन आम्ही हायपोक्लोराइटने (जंतुनाशकाने) पुसतो, खडू काय पुसणार? ज्याचा त्याचा पाऊच, नाव घालून, घरी परत. रक्ताचा थेंब उडाला की सगळं संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. आणि हे सांभाळायला वेगळं माणूस आणा, आमच्या गळ्यात नको.

जाड_रेघ : दोन्ही बाजूंना एक गोष्ट दिसत नाहीये, शब्दशः. डायलिसिसवाल्यांत मधुमेही भरपूर, त्यांतल्या अनेकांचा डोळ्यांचा पडदा खराब झालेला. बारीक नक्षीची रंगवायची पुस्तकं त्यांच्या काय कामाची? जाड काळा मार्कर, मोठा कागद द्या. साठीच्या काकांना फुलपाखरू रंगवायला देणं तर अपमानच. ज्यांना नको त्यांना अभंग ऐकू द्या, पण इअरफोन एकाच कानात. हाक ऐकू यायला हवी.

पंप_चालू : इअरफोन चालेल. चित्रकलेला माझा होकार वेगळं माणूस आल्यावरच, आणि त्याने आधी दोन आठवडे नुसतं बघावं. चेहरा पांढरा पडला, जांभया सुरू झाल्या की खडू बाजूला ठेवून आम्हाला हाक मारायची. ‘चित्र पूर्ण होऊ दे’ म्हणणारे आम्हाला नकोत.