काकूंच्या गुंडावर १८४४

शोभाकाकू (बी ३०२): माळ्यावरून सासूबाईंचा पितळी गुंड काढला. खालचा भंगारवाला साडेतीन किलो भरला म्हणतो, चार वाजता पैसे घेऊन येऊन राहिला. देऊन टाकू का?

निखिल (ए १०४): काकू, घरात गुंड? पोलिसांना कळवू? 😄

शोभाकाकू: पाण्याचा गुंड रे बाप्पा! काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय आणि १८४४.

निखिल: १८४४!! म्हणजे एकशे ऐंशी वर्षं जुना. भंगारात कसला देता, लंडनला लिलावात पाठवा.

वसंतकाका (सी २०१): थांबा जी. आकड्याआधी काही लिहिलंय का?

शोभाकाकू: चिंच लावून घासलं तर ‘शके’ दिसलं.

वसंतकाका: मग ७८ मिळवा. १९२२, फार तर १९२३ चा फाल्गुन. निखिल, तुझी ७८ वर्षं गेली. पण नाव लग्नात नाहीतर वाटणीच्या वेळी घालायचे, त्यामुळे गुंड त्याहून जुना असू शकतो. आणि काकू, घासणं आता बंद. ठिपके झिजले तर तारीखही गेली.

शोभाकाकू: अय्या, अर्धा तर लख्ख करून बसले.

मीनलताई (ए ४०२): माझं माहेर भंडाऱ्याचं, बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. लिहिते ते करून पाहा. आधी चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड, वर नुसता पितळेचा मुलामा. मग उजेडात धरून पाहा: आत एकसारख्या गोल रेघा असतील तर साच्यावर फिरवलेला, कारखान्याचा. बारीक ठोके, जाडी कुठे कमी कुठे जास्त, आणि पोटाला झाळलेला, म्हणजे डाग देऊन जोडलेला, दातेरी सांधा असेल तर हाताने घडवलेला. सांधा म्हणजे खोट नाही हं. दुकानात लोक तो पाहून भाव पाडायचे तेव्हा बाबा चिडायचे, कारण खरी कारागिरी तिथेच असते.

निखिल: आणि पितळच आहे कशावरून?

मीनलताई: मोठ्या टबात पाणी घे, पातळीवर खूण कर. गुंड पूर्ण बुडव, आत हवा राहू देऊ नको. खुणेच्या वर आलेलं पाणी काढून मोज. वजनाला त्या लिटरने भागलं की पितळेला साधारण साडेआठ येतं, तांब्याला नऊच्या जवळ, ॲल्युमिनियमला २.७. काश्याचं मात्र यात कळत नाही, तेही पितळेच्या आसपासच येतं. काश्यात तांबं ७८ टक्के आणि कथील २२. टिचकी मारली की घंटेसारखं घुमत राहतं.

शोभाकाकू: टिचकीला ठणकन वाजून थांबला. मग किंमत काय धरू?

मीनलताई: इतवारी बाजारात आजचा पितळेच्या मोडीचा भाव विचारा आणि वजनाने गुणा. ती झाली कमीत कमी किंमत. त्यावर घडण, तारीख, धडधाकटपणा यांचे पैसे. ते मात्र हौशी गिऱ्हाईक मिळालं तरच, भंगारवाला देत नसतो.

शोभाकाकू: भाचा अमेरिकेहून आलाय, मी नेतो म्हणतो.

वसंतकाका: बॅगेत टाकून नेता यायचा नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमच्या गुंडाने शंभरी ओलांडली.

शोभाकाकू: मग वापरते की. कल्हई करावी लागेल का?

मीनलताई: पाण्याला नको. ताक, चिंच, कढी ठेवलीत तर कळकेल. आणि कल्हईच्या पातेल्याबद्दलही सांगून ठेवते, ते रिकामं गॅसवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं.

(पाऊण तासाने)

शोभाकाकू: चुंबक चिकटला नाही. ठोके आहेत, सांधाही आहे. निखिलने पाणी मोजलं, अर्धा लिटर. घरच्या काट्यावर गुंड भरला ४ किलो २५०.

वसंतकाका: म्हणजे बरोबर साडेआठ. पण मग त्याचे साडेतीन कसे?

मीनलताई: काटा त्याचा होता ना 🙂

शोभाकाकू: कोणी वॉचमनला सांगा जी, चार वाजता त्याला वर पाठवू नको म्हणावं.

निखिल: सांगून आलो. काकू, टबातलं पाणी फेकू नका, आज नळ आले नाहीत.