एलपीएस टॉलरन्स: टीएनएफ घटला म्हणजे पेशी सहनशील झाल्या का?

पेशीवेध: टीएचपी-१ मॅक्रोफेजना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी भक्षक पेशी) १० नॅनोग्रॅम/मिलि एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातलं विष, म्हणजेच एंडोटॉक्सिन) २४ तास, मग धुऊन १०० नॅनोग्रॅम/मिलि. दुसऱ्या डोसनंतर टीएनएफ (दाह घडवणारं प्रथिन) अगदी कमी येतो. हा टॉलरन्स (एकदा एलपीएस मिळाल्यावर पुढच्या डोसला प्रतिसाद मंदावणं), की पेशी मेल्यात? वेगळं कसं दाखवायचं?

केंद्रक: आधी चार गट लावा: नुसतं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), फक्त पहिला डोस, फक्त दुसरा, आणि दोन्ही. ‘फक्त पहिला’ बरेच जण गाळतात. धुण्यात राहून गेलेला जुना टीएनएफ मग दुसऱ्या डोसच्या नावावर मोजला जातो. तीनदा धुवा, तासदोन तास ताज्या मीडियममध्ये ठेवा, दुसऱ्या डोसनंतर ४ तासांनी सुपरनेटंट (पेशींवरचं द्रव) काढा. पेशी किती उरल्या हे वेलमधल्या डीएनएवरून ठरवा. एकट्या एमटीटीवर (चयापचयावरून जिवंत पेशी मोजणारी रंगचाचणी) विसंबू नका, एलपीएसने पेशींचा चयापचयच बदलतो.

सूक्ष्मजंतू: गट बरोबर आहेत, पण जिवंत पेशीही नुसती थकलेली असू शकते. टॉलरन्समध्ये आयरॅक-एम, शिप-१, ए२० ही प्रथिनं वाढतात आणि टीएलआर४ चा (एलपीएस ओळखणारा रिसेप्टर) संदेश दाबतात. मात्र एवढंच घडत असतं तर सगळीच जनुकं गप्प झाली असती. फॉस्टर, हारग्रीव्ह्ज आणि मेझितोव्ह यांनी २००७ मध्ये उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये दाखवलं की आयएल-६ सारख्या दाहक जनुकांच्या प्रमोटरवर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) दुसऱ्या वेळी हिस्टोनच्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) सक्रिय खुणा उमटत नाहीत. जंतुनाशक जनुकं मात्र चालूच राहतात, काही तर जास्त जोमाने. म्हणून क्यूपीसीआरमध्ये (जनुक किती चालू आहे हे मोजणारी चाचणी) टीएनएफ, आयएल-६ सोबत आयएल-१आरए (दाह रोखणारं प्रथिन) घ्या. पहिले दोन पडले आणि तिसरा टिकला, तरच टॉलरन्स म्हणा. माझ्या मते याहून पक्का पुरावा म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा (रोगप्रतिकारक पेशींचं संदेशवाहक प्रथिन): पहिल्या डोसआधी तो दिला की मानवी मोनोसाइटमध्ये टॉलरन्स बसतच नाही. हा गट नक्की लावा.

पेशीवेध: आभार! पण कधी कधी ‘फक्त दुसरा’ गटातही टीएनएफ कमीच दिसतो.

केंद्रक: मग तुमचा कंट्रोल आधीच टॉलरंट झालाय. सीरम, पाणी आणि पीएमएचा (टीएचपी-१ पेशींना मॅक्रोफेज बनवणारं रसायन) स्टॉक एलएएल चाचणीने (एंडोटॉक्सिन शोधणारी) तपासा. ऑटोक्लेव्हने एंडोटॉक्सिन जात नाही. काचेची भांडी २५०° सेल्सिअसला ३० मिनिटं भाजा. एलपीएस प्लास्टिकला चिकटतं, त्यामुळे पातळ करण्याआधी स्टॉक जोरात व्होर्टेक्स करा. आणि सीरम पूर्ण काढू नका: त्यातलं एलबीपी (एलपीएसला पकडून पेशीकडे नेणारं प्रथिन) नसेल तर कमी डोसला पेशी दादच देत नाहीत.