शब्दचर्चा : बेलेंचा बुरूज म्हणायचं की मनोरा?

मंडळी, दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन लिस्बनला गेले होते, तेव्हापासून एक शब्द डोक्यात अडकलाय म्हणून इथे विचारतेय. तेजू नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे काठावर तोर्रे द बेलें आहे, सगळे बेलें टॉवर म्हणतात. आम्ही पंधरा नंबरच्या ट्रामने गेलो, उतरून चालत होतो आणि आईने लांबूनच बघून म्हटलं "अगं हा तर बुरूज आहे, टॉवर टॉवर काय लावलंयस". मी म्हटलं बुरूज तटाला असतो, याला तट कुठाय, एकटाच पाण्यात उभा आहे, मनोरा म्हण. त्यावर ती म्हणाली मनोरा मशिदीला असतो, इथे तोफा लावायची जागा दिसतेय. आणि खरंच पटकन उत्तर देता येईना.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी सांगते. इमारतीचे दोन भाग आहेत, मागे चौकोनी चार मजली उंच भाग, साधारण ३० मीटर, आणि त्याच्यापुढे नदीत घुसलेला बुटका सहा बाजूंचा भाग ज्यात तोफांसाठी १७ झरोके आहेत. पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याच्या काळात १५१४ च्या सुमारास काम सुरू झालं आणि पाचसहा वर्षांत संपलं, बांधणारा फ्रान्सिस्कु द आरूदा. दगडात चक्क जहाजाचे दोर कोरलेत, गाठीसकट, सगळ्या इमारतीला गुंडाळल्यासारखे. (वास्को द गामा इथूनच निघाला असं बरेच जण सांगतात, पण तो १४९७ ला निघाला तेव्हा हे बांधलेलंच नव्हतं, निघाला तो किनारा जवळच आहे इतकंच.)

गंमत म्हणजे पोर्तुगीजमध्येच याला तीन शब्द आहेत. उंच भाग तोर्रे, पुढचा बुटका भाग बालुआर्त, आणि सगळ्याचं मिळून जुनं नाव कास्तेलु, म्हणजे सेंट व्हिन्सेंटचा किल्ला. मग मराठीत एका शब्दात काय म्हणाल? टॉवर नको, टॉवर म्हटलं की आता मोबाइलचा नाहीतर वीस मजली सोसायटीच डोळ्यासमोर येते.

प्रतिसाद :

ताई, तुमच्या आईचं बरोबर आहे. बुरूज तटाला चिकटलेलाच हवा असं काही नाही. विजापूरला उपली बुरूज आहे, गावातच, उंचवट्यावर एकटा उभा, बाहेरून गोल फिरत जिना जातो आणि वर लांबलचक तोफा ठेवल्यात. १५८४ च्या आसपासचा. त्याला तिथे कुणी मनोरा म्हणत नाही. आणि मुळात अरबीत बुर्ज म्हणजे नुसता उंच मजबूत बांधलेला भाग, म्हणून तर दुबईतली ती इमारत बुर्ज खलिफा, आपण सरळ खलिफा बुरूज म्हणू शकतो. बऱ्याच अभ्यासकांच्या मते अरबीतसुद्धा तो ग्रीक पिर्गोसवरून आलाय, म्हणजे शब्द युरोपातून निघून अरबस्तान, इराण करत सह्याद्रीवर आला, आता तुम्ही तो परत युरोपात नेताय तर न्या की. तट असलाच पाहिजे ही अट आपल्या डोक्यात बसलीय कारण आपण राजगड, सिंहगड बघत मोठे झालो.

प्रतिसाद :

मनोरा पण अगदीच सोडून देऊ नका. अरबी मनारा म्हणजे जिथे उजेड करतात ती जागा, नूर ज्या धातूवरून येतो तोच हा. मशिदीशी संबंध नंतरचा. आणि बेलेंच्या इमारतीचा पुढे दीपस्तंभ म्हणूनही उपयोग झाला होता, त्याआधी जकातीची चौकीही होती, त्यामुळे शब्दाच्या मूळ अर्थाने बघितलं तर तो काही काळ खराखुरा मनोरा होता. पण ते मूळ अर्थाने. आजच्या मराठीत मनोरा म्हटलं की निमुळता, बारीक, उंच असं चित्र येतं आणि हा फोटोत तरी चांगला जाडजूड दिसतोय. माझं मत बुरूजालाच.

मूळ लेखिका :

दोघांचेही मनापासून आभार, उपली बुरूज माहीत नव्हता. आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त छळतोय. आत तोफांच्या मजल्यावर फरशीत खाली उतरायच्या जागा आहेत, खाली अंधारी कोठारं. १५८० मध्ये स्पेनच्या फौजेने हे घेतलं आणि त्यानंतर तिथे राजकीय कैदी ठेवायचे, एकोणिसाव्या शतकापर्यंत. छत इतकं खाली आहे की उभं राहता येत नाही आणि बाहेर भरतीचं पाणी भिंतीला लागतं. तिथे वाकून बघताना वाटलं, आपला तुरुंग हा शब्द तोर्रेवरून आला असेल का? तुरुंग पोर्तुगीज आहे असं शाळेत बाईंनी सांगितलेलं आठवतंय.

प्रतिसाद :

बाळ, मी वसईचा, आमच्याकडे पोर्तुगीज शब्दांची मोजदाद हा घरचाच विषय, चावी, साबण, बिजागरी, पगार, लिलाव, घमेलं, किती सांगू. तुरुंग पोर्तुगीजच, बाईंनी बरोबर सांगितलं, पण तोर्रेवरून नाही. तो त्रोंकु या शब्दावरून. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड. लाकडाच्या जाड ओंडक्याला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवायचे, त्या ओंडक्यालाही त्रोंकुच म्हणायचे, मग जिथे तो ओंडका ठेवलाय त्या खोलीला, आणि मग कैदखान्यालाच. गोव्यात कैदखान्याला त्रोंकु म्हणायचे, तिथून आपल्याकडे तुरुंग.

आणि आता आपला शब्द बघ. खोड म्हणजे झाडाचं खोड, आणि पाय अडकवायचं ते लाकूड म्हणजे खोडा! "कामात खोडा घातला" म्हणतो ना आपण, तो हाच. पोर्तुगीजांनी त्यांच्या भाषेत जे केलं तेच आपण आपल्या भाषेत आधीच करून बसलो होतो, एकमेकांना न विचारता. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होतो. फरक इतकाच की आपला खोडा पायापुरताच राहिला, त्यांचा वाढत वाढत अख्खी इमारत झाला आणि मग तीच इमारत आपण उचलली.

प्रतिसाद :

काका, काय सुंदर सांगितलंत. मग बालुआर्त आणि बालेकिल्ला यांचं काही नातं? ऐकायला फार जवळचे वाटतात.

प्रतिसाद (वसईचे काका) :

नाही, तिथे फसायला होतं. बालेकिल्ल्यातला बाला फारसी, म्हणजे वरचा, किल्ल्याच्या आत सगळ्यात उंचावरचा किल्ला. बालुआर्त मात्र उत्तरेकडून आलाय, जुन्या डच बोलवर्कवरून, आणि त्याचा अर्थ ओंडक्यांचं, फळ्यांचं बांधकाम. फ्रेंच बुलेव्हार्ड हाही त्याचाच भाऊ. म्हणजे तू जो मजला बघितलास तो शब्दाने ओंडक्यांचा आणि त्याच्या खाली जो तुरुंग तोही शब्दाने ओंडकाच, बांधकाम जरी सगळं दगडाचं असलं तरी. अर्थाने बालुआर्तला आपला बुरूज नेमका बसतो, वसईच्या कोटाच्या बुरुजांची नावं बघ, साँव सेबास्तियाँव, साँव पेद्रु, साँव पाउलु, बहुतेक संतांचीच, आणि एकाचं नाव मात्र एलेफांत, हत्ती.

प्रतिसाद :

हत्तीवरून आठवलं, बुद्धिबळात ज्याला आपण हत्ती म्हणतो त्याला पोर्तुगीजमध्ये तोर्रे म्हणतात. विषयाला सोडून आहे पण राहवलं नाही.

मूळ लेखिका :

अजिबात सोडून नाहीये! कारण हत्ती नाही पण गेंडा आहे तिथे. कोपऱ्यातल्या एका टेहळणीच्या चौकीच्या खाली दगडात गेंड्याचं तोंड कोरलंय, इतकं झिजलंय की शोधायला लागतं. १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने, दुसऱ्या मुझफ्फरशहाने, गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला, मे महिन्यात पोचला, तेव्हा हा बुरूज बांधणं चालू होतं. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला म्हणे, मग पोपला भेट म्हणून पाठवला तेव्हा इटलीजवळ जहाज बुडालं आणि बिचारा गेला. आणि तिकडच्या लोकांनी त्याला नाव काय दिलं, तर गांदा, म्हणजे आपला गेंडा किंवा गुजरातीतला गेंडोच, जनावराबरोबर शब्दही जहाजात बसून गेला. आई खाली उभी राहून वर बघत मोठ्याने म्हणाली "अगो गेंडा" आणि मला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं, पाचशे वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर लोकांनी साधारण हाच शब्द उच्चारला असेल हे नंतर हॉटेलवर वाचलं आणि अंगावर काटा आला.

तर ठरवलं, आईच्या अल्बममध्ये "बेलेंचा बुरूज" असंच लिहिते. आत काढलेल्या फोटोखाली "बुरुजातला तुरुंग".

एकच शब्द राहिलाय. त्या गेंड्याच्या डोक्यावर जी चौकी आहे, कोपऱ्यावर बाहेर आलेली, एक माणूस मावेल एवढी, वर रेघारेघांचा छोटा घुमट, पोर्तुगीजमध्ये ग्वारीता. आपल्याकडे गोव्यात रेइश मागुशच्या किल्ल्यावर, शापोऱ्याच्या किल्ल्यावर तशाच पद्धतीच्या आहेत. मी घुमटी म्हणतेय, पण घुमटी म्हटलं की देवाची वाटते. जंग्या (तटातली बंदुकीची भोकं), चर्या (तटावरचे दगडी कंगोरे), फांजी (तटावरून चालायची वाट) एवढे बारीक शब्द आहेत आपल्याकडे, तर याला नक्की असणार. कोकणातले, गोव्यातले किल्ले फिरणाऱ्यांनी तिथली जुनी माणसं काय म्हणतात ते ऐकलं असेल तर प्लीज सांगा, तेवढी एक ओळ अल्बममध्ये रिकामी ठेवलीय.