१९८६ चा सहावा सामना: पराभवाचे खापर एकट्या बकनरच्या माथी का?

उंबरठा:
अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेत सातपैकी चार सामने जिंकणारा संघ विजेता ठरतो. २५ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बोस्टन रेड सॉक्स ३-२ असे पुढे होते आणि १९१८ नंतरचे पहिले विजेतेपद त्यांच्या अगदी हाताशी आले होते. दहाव्या इनिंगमध्ये त्यांनी यजमान न्यूयॉर्क मेट्सवर ५-३ अशी आघाडी घेतली, मेट्सचे पहिले दोन बॅटर झेल देऊन परतले, आणि तरीही सामना ६-५ असा हातचा गेला. मूकी विल्सनने मारलेला सरपटी चेंडू पहिल्या बेसवरील बिल बकनरच्या दोन पायांमधून मागे गेला, हे एकच दृश्य लोकांनी लक्षात ठेवले. माझ्या मते दोष रेड सॉक्सचे व्यवस्थापक जॉन मॅकनमारा यांचा आहे. ३६ वर्षांच्या बकनरचे घोटे दुखावलेले होते आणि याच मालिकेतील जिंकलेल्या सामन्यांत अखेरीस त्याच्या जागी डेव्ह स्टेपलटनला उतरवण्यात आले होते. त्या रात्री मात्र ते केले गेले नाही.

रोखठोक:
आपली सहानुभूती समजते, पण युक्तिवाद पटत नाही. बकनर कोणी नवशिका नव्हता. १९८० मध्ये त्याने नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतील दोन प्रमुख लीगपैकी एक) फलंदाजीची सर्वोत्तम सरासरी नोंदवली होती आणि कारकिर्दीत २,७१५ हिट्स (बेस गाठून देणारे फटके) केले. असा खेळाडू दुखऱ्या पायांनी का होईना, मैदानात उभा राहिला की साध्या चेंडूची जबाबदारी त्याचीच असते. शिवाय त्या सामन्यात त्याची बॅटही पाच संधींत रिकामीच राहिली, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

भरती_ओहोटी:
आपण दोघेही एक गोष्ट सोडून देत आहात: चेंडू बकनरकडे आला तेव्हा धावसंख्या ५-५ अशी बरोबरीत होती. दोन बाद झाल्यावर पिचर (चेंडू फेकणारा) कॅल्विन शिराल्डीने मेट्सच्या कार्टर, मिचेल आणि नाइट यांना लागोपाठ तीन सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारे फटके) दिले, आणि त्यातही नाइट तर दोन स्ट्राइक पडल्यावर (तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटर बाद होतो) सुटला. मग आलेल्या बॉब स्टॅन्लीचा एक चेंडू भरकटला व मिचेल तिसऱ्या बेसवरून घरी पोहोचला, म्हणजे बरोबरीची धाव झाली. बकनरने चेंडू अडवला असता तरी फार तर अकरावी इनिंग सुरू झाली असती. विल्सन अतिशय वेगवान होता, त्यामुळे तो बाद झालाच असता असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

रोखठोक:
बरोबरी म्हणजे पराभव नव्हे. विल्सन बाद होणे दूरच, चेंडू नुसता अंगावर घेतला असता तरी दुसऱ्या बेसवरून निघालेला नाइट बहुधा तिसऱ्यावरच थांबला असता. विजयी धाव त्या चुकीतूनच मिळाली, आणि स्कोअरबुकात ती ‘ई-३’, म्हणजे पहिल्या बेसच्या रक्षकाची चूक, अशीच नोंदलेली आहे.

उंबरठा:
नाइटबद्दलचा आपला मुद्दा मान्य. पण मालिका त्या रात्री संपली नव्हती. २७ ऑक्टोबरच्या सातव्या सामन्यात बकनरने दोन हिट्स केले आणि रेड सॉक्स ३-० असे पुढे जाऊनही ८-५ असे हरले, तरीही पुढे वर्षानुवर्षे धमक्या मिळाल्या त्या त्यालाच. २००८ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर प्रेक्षकांनी उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

रोखठोक:
२००४ आणि २००७ ची विजेतेपदे पदरात पडल्यानंतरच्या त्या टाळ्या! तोवर मोठे मन करणे सोपे झाले होते.

भरती_ओहोटी:
स्कोअरबुकाचा दाखला देताना थोडे जपून, एवढेच सुचवतो. स्टॅन्लीचा तो भरकटलेला चेंडू कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) रिच गेडमनने अडवायलाच हवा होता, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. नोंद मात्र पिचरच्याच नावावर आहे.