केमिस्ट्रीचं एमएस्सी, पुढे बायोलॉजीला जोडून पीएचडी: तयारी कुठून सुरू करावी?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. जळगावला एमएस्सी सेंद्रिय रसायन, दुसरं वर्ष. प्रोजेक्टमध्ये सॅलिसिलाल्डिहाइडपासून सहा शिफ बेस आणि चार चाल्कोन अशी दहा संयुगं तयार आहेत. आता बाहेरून ‘अँटिबॅक्टेरियल’ करून आणायचं आणि झोनचा (संयुगाच्या डिस्कभोवती बॅक्टेरिया न वाढलेल्या वर्तुळाच्या मापाचा) तक्ता जोडायचा, अशी पद्धत आहे. पुढे केमिकल बायोलॉजीत पीएचडी करायची इच्छा आहे, पण बायोलॉजी बारावीनंतर सुटली. दुसरं एमएस्सी करावं का? तो तक्ता मुलाखतीत टिकेल का? आणि अमेरिकेतल्या ‘केमिस्ट्री-बायोलॉजी इंटरफेस’ ट्रेनिंगला आपल्याला अर्ज करता येतो का?

पिपेट_४५अंश
दुसरं एमएस्सी अजिबात नको भो. दोन वर्षं जातील आणि परत पहिल्या सेमिस्टरपासून घोकंपट्टी. एकच चाचणी स्वतःच्या हातानं, सगळ्या कंट्रोलसकट करायला शिक. विद्यापीठात रसायन आणि जीवशास्त्र या दोन्ही प्रशाळा गिरणेपलीकडच्या एकाच आवारात आहेत, विचारून तर बघ.

झोनचा तक्ता टिकणार नाही. झोन किती मोठा येतो ते औषधाच्या ताकदीइतकंच ते अगारमधून (बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीतून) किती पसरतं यावर ठरतं. तेलकट रेणू डिस्कवरच बसून राहतो. एमआयसी काढ, म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं सगळ्यात कमी प्रमाण.

९६ खळग्यांची प्लेट घे. संयुग डीएमएसओ या द्रावकात १२.८ मिग्रॅ प्रति मिली. ते म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रवात) ५० पट विरळ केलं की २५६ मायक्रोग्रॅम प्रति मिली होतं आणि डीएमएसओ राहतो २ टक्के. पहिल्या रकान्यात हे २०० मायक्रोलिटर. रकाना २ ते १० मध्ये १०० मायक्रोलिटर ब्रॉथ, पण त्यातही २ टक्के डीएमएसओ घाल, नाहीतर प्रत्येक पायरीला तोही निम्मा होत जातो. मग १००-१०० पुढे नेत जा आणि दहाव्यातून १०० फेकून दे. अकराव्यात फक्त २ टक्के डीएमएसओचा ब्रॉथ, त्यात बॅक्टेरिया वाढलेच पाहिजेत. बारावा निर्जंतुक.

बॅक्टेरियाचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड (हे गढूळपणाचं माप), म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी पेशी. ते १५० पट विरळ कर, १० लाख झाले. हे अकराव्यापर्यंत प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर. बाराव्यात तेवढाच साधा ब्रॉथ. आता पेशी ५ लाख, डीएमएसओ १ टक्का आणि संयुग १२८ पासून ०.२५ पर्यंत. द्रावण बनवल्यापासून अर्ध्या तासात प्लेट भरून झाली पाहिजे, नाहीतर पेशींची संख्या बदलते. ३५ अंशांवर १६ ते २० तास.

शेजारी तुलनेला सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे नेहमीचं अँटिबायोटिक हवंच. स्टॅफ. ऑरियस एटीसीसी २९२१३ (हा प्रमाण वाणाचा क्रमांक) वर ते ०.१२ ते ०.५ मध्ये यायला हवं. ई. कोलाय २५९२२ वर ०.००४ ते ०.०१६, म्हणून तिथं सिप्रोची सुरुवात बरीच खालून कर. हे आकडे जुळले नाहीत तर त्या प्लेटमधलं बाकी काहीच वाचू नकोस. आणि १६ व ३२ मध्ये फरक आहे असं लिहू नकोस, एक पायरी इकडेतिकडे होतेच.

आपल्याकडची खास भानगड म्हणजे साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात खोलीच ४२ वर गेली तर ३५ चा काटा लावून काय उपयोग? कूलिंगवाला बीओडी इन्क्युबेटर शोध. कडेचे खळगे सुकतात, तर बंद डब्यात ओला कापूस ठेवून त्यात प्लेट ठेव. उलट डिसेंबरात धुळ्याकडे पहाटे डीएमएसओची बाटली गोठलेली दिसली तर घाबरू नये, तो १८.५ अंशांखाली गोठतोच. पूर्ण वितळवून, हलवून मगच काढ.

चाळणी
वरचं सगळं बरोबर, पण त्याआधी तुझी संयुगं तपास. शिफ बेस पाण्यात फुटून परत अल्डिहाइड आणि अमाइन होऊ शकतात. मग तू नेमकं कशाचं एमआयसी काढलंस? फॉस्फेट बफर, पीएच ७.४, ३७ अंशांवर ठेवून ०, १, ४ आणि २४ तासांनी यूव्ही वर्णपट घे. संयुगाचा शोषणपट्टा उतरत असेल तर सुटं अल्डिहाइड आणि सुटं अमाइनही त्याच प्लेटमध्ये लाव. चाल्कोन सिस्टीनच्या (प्रथिनांतल्या एका अमिनो आम्लाच्या) थायोलला, म्हणजे गंधकाच्या गटाला चिकटतात. डीएमएसओ घातलेल्या बफरात जादा सिस्टीनबरोबर अर्धा तास ठेवून टीएलसी कर. चाल्कोनचा डाग नाहीसा झाला तर ते भेटेल त्या प्रथिनाला चिकटणार, ‘निवडक’ हा शब्द प्रबंधातून काढ.

शुद्धता एचपीएलसीवर किमान ९५ टक्के हवी. कॉपर किंवा पॅलेडियम वापरलं असेल तर त्याचे अंशसुद्धा पेशी मारतात. २०२२ चं रसायनाचं नोबेल क्लिक (रेणू झटकन जोडणाऱ्या) आणि बायोऑर्थोगोनल (जिवंत पेशीच्या कामात ढवळाढवळ न करणाऱ्या) रसायनाला मिळालं. त्यातल्या एक विजेत्या बर्टोझी यांनी ताण असलेलं वलय वापरून क्लिकला लागणारं कॉपरच वगळलं, कारण जिवंत पेशीला ते सोसत नाही. रसायनवाल्यानं जीवशास्त्र शिकायचं म्हणजे अशी अडचण आधी ओळखायची.

चोपडेकर
परीक्षेचं बोलतो. गेटच्या एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपरात रसायन सक्तीचं, २५ गुण. पुढे पाच विभागांतले दोन, ३० गुणांचा एकेक. तुझ्यासाठी बायोकेमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी. हा अभ्यास मुलाखतीलाही कामी येतो. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये.

अमेरिकेतलं ते ट्रेनिंग एनआयएचच्या (तिथल्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या) अनुदानावर चालतं. त्या अनुदानातलं विद्यावेतन तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांनाच. पण आपला विद्यार्थी थेट त्या विद्यापीठाच्या पीएचडीला अर्ज करतो, तेव्हा पैसा दुसऱ्या खात्यातून येतो आणि कोर्स, रोटेशन (वेगवेगळ्या प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम), सेमिनार बऱ्याच ठिकाणी त्यालाही खुले असतात. अर्जाआधी विभागाला एक ईमेल करून हेच विचार.

गिरणाकाठ
धन्यवाद. एक अडलं. चाल्कोन पिवळेजर्द आहेत, जास्त प्रमाणाच्या रकान्यांत गढूळही होतात. रेसाझुरिन (जिवंत पेशी असल्या की निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घातलं तर निळं-गुलाबी कळेल का?

पिपेट_४५अंश
डोळ्यावर विसंबू नकोस. गढूळ म्हणजे संयुग खाली बसलंय, तिथलं प्रमाण खरं नाही. बॅक्टेरियाशिवाय फक्त संयुग आणि ब्रॉथ अशी एक ओळ लाव, ती तशीच गढूळ दिसली की उलगडा होतो. रेसाझुरिन ०.०१५ टक्के, ३० मायक्रोलिटर, वाढ झाल्यावर घाल आणि तास-दोन तास थांब. पिवळ्यात निळं हिरवट दिसेल. शंका असलेल्या खळग्यातून, रेसाझुरिन घालण्याआधीच, ५ मायक्रोलिटर साध्या अगारवर ठेव. दुसऱ्या दिवशी वसाहत आली तर बॅक्टेरिया जिवंत होते.