दुर्बिणीतून फुप्फुसाची शस्त्रक्रिया : उष्णतेने बंद केलेली रक्तवाहिनी टिकते का?

प्रश्न (सोलापूर)
माझ्या वडिलांनी आयुष्यभर यंत्रमागावर काम केले. त्यांच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात गाठ असून तो खंड दुर्बिणीतून काढायचा आहे. काही रक्तवाहिन्या धाग्याने न बांधता ऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणाने बंद करू, असे डॉक्टरसाहेब म्हणाले. हृदयातून निघणारी वाहिनी अशी बंद केल्यावर पुढे सुटणार नाही ना?

उत्तर १ (शल्यचिकित्सा विभागातील निवासी डॉक्टर)
आपली शंका रास्त आहे, कारण फुप्फुसधमनीची (हृदयातून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीची) भिंत पातळ असते आणि थोडी ओढ बसली तरी फाटू शकते. मात्र तिच्यातला दाब कमी असतो. दंडावर वरचा दाब १२० भरतो, तेव्हा निरोगी माणसाच्या फुप्फुसधमनीत तो २५ च्या आसपास असतो. हे उपकरण वाहिनी नुसती जाळत नाही. ती जबड्यात घट्ट दाबून तापवली जाते, त्यामुळे भिंतीतील कोलॅजन व इलॅस्टिन ही प्रथिने एकजीव होतात आणि मग त्या जुळलेल्या पट्ट्याच्या मधोमध छेद दिला जातो. अल्ट्रासॉनिक प्रकारात हीच उष्णता सेकंदाला सुमारे ५५,००० वेळा कंप पावणाऱ्या पात्यातून मिळते. अशी उपकरणे साधारणपणे ५ किंवा ७ मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्यांसाठी असतात. त्याहून जाड शाखा, मोठी शीर आणि श्वासनलिका यांना सहसा स्टेपलरच (धातूच्या बारीक टाचण्या मारून बंद करणारे साधन) लावतात.

उत्तर २ (शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ)
मग सगळीकडे स्टेपलरच का नको, असे नातेवाईक हमखास विचारतात. त्याचा जबडा जाड असतो, आणि बारीक शाखेमागे तो सरकवण्यासाठी जागा करतानाच ती शाखा फाटण्याची भीती असते. ऊर्जेचे उपकरणही निर्धोक नाही. वापरानंतर काही क्षण पाते तापलेलेच राहते, म्हणून ते लगेच दुसऱ्या ऊतीला टेकवत नाहीत. जबड्यात धातूची क्लिप आली तर वाहिनी नीट बंद होत नाही.

उत्तर ३
वडिलांना पूर्वी क्षयरोग झाला असल्यास तो आवर्जून सांगावा. त्यात लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) कडक होऊन धमनीला चिकटतात, आणि अशा ठिकाणी कोणत्याही साधनापेक्षा वाहिनी सुटी करणेच अवघड ठरते. तेव्हा छाती उघडून शस्त्रक्रिया पूर्ण करावी लागली, तर ते अपयश समजू नये. त्यासाठीची संमती आणि रक्ताची व्यवस्था आधीच झाली आहे का, हे डॉक्टरसाहेबांना जरूर विचारावे.