असेंबल्ड की डबी : एका 'शहाण्या माणसा'ला उत्तर

मदरबोर्ड मावशी

काल या फोरमवर 'एक लिटर' यांनी लिहिलं की घरी काँप्युटर जोडणं म्हणजे स्वतःच्या चपला स्वतः शिवणं. हौस म्हणून ठीक, पण शहाण्या माणसाने तळहातावर मावणारी ब्रँडेड डबी (मिनी पीसी) आणावी, प्लग लावावा आणि कामाला लागावं. दोन ओळी खरडून सोडून देणार होते, पण ते 'शहाण्या माणसाने' काही घशाखाली उतरेना. म्हणून वेगळा धागा.

माझं कॅबिनेट २००९ सालचं. आतलं सगळं तीनदा बदललं, पत्रा तोच. हे जमतं कारण इंटेलने १९९५ साली मदरबोर्डचं एटीएक्स हे प्रमाणित माप ठरवलं आणि बोर्डाच्या स्क्रूची भोकं तेव्हापासून जिथल्या तिथे आहेत. २०१७ मध्ये एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड घेऊन त्यावर पहिल्या पिढीचा रायझन प्रोसेसर बसवला. पाच वर्षांनी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि त्याच बोर्डावर नवा रायझन ५८००एक्स३डी चढवला. रॅम तीच, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) तोच, खरेदी एका चिपची. तुमच्या डबीत पाच वर्षांनी काय बदलता येतं? खालची रबरी बुडं?

एक लिटर

मावशी, तुम्हाला उद्देशून नव्हतं हो ते. पण अंगाला लावून घेतलंच आहे तर सांगतो.

मीही जोडलाय. एकदाच. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. रॅम काढली, घातली, एकच काडी ठेवून पाहिली, बोर्डावरची सीमॉसची बटणासारखी बॅटरी काढली. तीन रविवार गेले. रॅमवाला म्हणे बोर्ड बघा, बोर्डवाला म्हणे एसएमपीएस बघा, एसएमपीएसवाला फोनच उचलेना. शेवटी कळलं की बोर्डाखाली एक जादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा खुंट) राहिला होता आणि तो मागून टेकत होता. चूक माझीच, मान्य. पण डबीत अशी चूक करायची संधीच मिळत नाही, आणि बिघडलं तर एकच नंबर फिरवायचा.

शिवाय 'काही बदलत नाही' हे अर्धसत्य. ऑफिसात वापरतात त्या एक लिटर आकारमानाच्या डब्यांचं झाकण एका स्क्रूवर उघडतं. आत लॅपटॉपच्या रॅमचे दोन स्लॉट, एम.२ एसएसडीची जागा. पाच मिनिटांत रॅम दुप्पट.

आणि विजेचं काय? डबी रिकामी बसलेली असताना दहा वॅटच्या आत खाते, तुमचा टॉवर सहज साठ. पन्नासचा फरक आणि रोज दहा तास धरा, वर्षाला १८० च्या वर युनिट होतात. तुमचा २००९ चा पत्रा तेवढ्यात भंगारात गेलेला बरा.

सुटा स्क्रू

मावशींना शंभर टक्के अनुमोदन. एक नंबर फिरवायचा म्हणे! माझ्या ब्रँडेड छोट्या टॉवरचा एसएमपीएस गेला. कंपनीचं नाव घेत नाही. वॉरंटी संपून चार महिने झालेले. बाजारातून चांगला एसएमपीएस आणला, उघडून बघतो तर बोर्डावर २४ पिनांचा कनेक्टरच नाही! यांचा आपला वेगळाच, सहा पिनांचा. एसएमपीएसचं मापही वेगळं, लांबट. पंख्याचा कनेक्टरसुद्धा स्वतःचा. त्या एका नंबरवरची बाई गोड आवाजात म्हणाली, 'सर, तो पार्ट आता येत नाही.' धडधाकट प्रोसेसर आणि रॅम असलेलं मशीन एका वायरीपायी माळ्यावर पडलंय.

एक लिटर

हा त्या कंपनीचा दोष झाला, आकाराचा नाही.

सुटा स्क्रू

असं कसं? आकार लहान केला की प्रमाणित भाग मावत नाहीत, म्हणून कंपनी स्वतःचे बनवते. ज्याला खरंच लहान आणि प्रमाणित हवंय त्याच्यासाठी २००१ पासून मिनी-आयटीएक्स मापाचा बोर्ड आहे, १७ सेंमी बाय १७ सेंमी. वापरा की.

रात्रपाळी

तुम्ही रॅमवर भांडताय आणि मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. चालू-बंदचं बटण! ॲपलच्या २०२४ च्या मॅक मिनीला ते तळाला दिलंय. जेमतेम १३ सेंमीची चौकोनी डबी, पण चालू करायला ती उचलायची. माझ्या डबीचं (दुसऱ्या कंपनीची) बटण पुढे आहे, पण मी ती मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने टांगलीय. रोज मॉनिटरमागे हात घालून चाचपडतो. दोनदा बटणाऐवजी एचडीएमआयची वायर उपसली.

अपटाइम

पण रोज बंद करताच कशाला? स्लीपला टाका. मॅक मिनीवाले ते बटण वर्षातून दोनदा दाबत असतील.

रात्रपाळी

काम झालं की बंद करायचं, ही सवय आहे आमची. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवतो तसं.

अपटाइम

मग एक गंमत सांगतो. तुम्ही बंद करता असं तुम्हाला वाटतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप आहे. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर फक्त तुमचे प्रोग्रॅम बंद होतात. खालचा कर्नल (विंडोजचा गाभा) डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा. रोज शटडाउन करणाऱ्यांनाही तिथे आठ-दहा दिवस दिसतात. खरं नव्याने सुरू व्हायला रीस्टार्ट लागतं.

रात्रपाळी

...११ दिवस २ तास.

मी काल रात्री बंद केला होता!

मदरबोर्ड मावशी

अहो, धागा कशावर आहे?

जुना डॉस

रीस्टार्ट म्हणजे जास्त बंद आणि शटडाउन म्हणजे कमी बंद. धन्य ती अक्कल. आमच्या वेळी बटण खटकन आवाज करायचं आणि मशीन मरायचं. आता सॉफ्टवेअरला विनंती करायची, त्याची मर्जी.

अपटाइम

ते खटक्याचं बटण एटीएक्सनेच घालवलं. मावशींच्या लाडक्या १९९५ च्या मापानेच. एटीएक्समध्ये बटण फक्त बोर्डाला इशारा देतं, आणि पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन मुख्य वीज तोडेपर्यंत जिवंत असते. नावं ठेवण्याआधी थोडं वाचत जा.

जुना डॉस

मला वाचायला सांगू नका. मी फ्लॉपीवरून डॉस चढवलाय.

अपटाइम

तेच तर. तिथेच थांबलात.

जुना डॉस

तुमच्यासारख्यांमुळेच इथे लिहायचं सोडलं होतं. काँप्युटर चोवीस तास चालू ठेवायचा आणि वर दुसऱ्याला अज्ञानी म्हणायचं. एक लिटर विजेचा हिशोब मांडतात, तो यांना दाखवा.

एक लिटर

मला मध्ये ओढू नका. माझी डबी स्लीपमध्येच असते. एक-दोन वॅट.

सुटा स्क्रू

म्हणजे दहा तासांचा हिशोब फक्त मावशींच्या टॉवरला, आणि डबीवाले चोवीस तास! झकास.

बिनपंखी

भांडण संपलं असेल तर मूळ मुद्द्यावर येते. माझं काम व्हिडिओचं. डबीत ३५ वॅटचा प्रोसेसर होता, इंटेलच्या नावापुढे 'टी' असतो तो. एक्स्पोर्ट लावला की पहिलं अर्धं मिनिट वाऱ्यासारखा पळायचा, मग धाप लागायची. मर्यादा आखलेलीच असते : थोडा वेळ जास्त वीज घे, नंतर ३५ वर ये. आणि तेवढ्यासाठीही तो अंगठ्याएवढा पंखा किंचाळायचा. आता टॉवर आहे, १४ सेंमीचे दोन पंखे संथ फिरतात. खोलीत घड्याळाचा काटा ऐकू येतो. ही तुलना कुणी वॅटमध्ये करून दाखवा.

पण खरं सांगायचं तर एम मालिकेचा मॅक मिनी हे सगळं कमी विजेत आणि शांतपणे करतो. फक्त रॅम घेतानाच ठरवायची, कारण ती चिपच्याच पॅकेजवर असते. पुढची पाच वर्षं काय काम करणार हे आज ज्याला ठाऊक आहे त्याने खुशाल घ्यावा. मला पुढच्या महिन्याचं ठाऊक नसतं.

सुटा स्क्रू

आणि डबीवाल्यांचा भरवसा तरी काय? एनयूसी नावाची डबी काढणारं इंटेलच २०२३ मध्ये त्यातून बाहेर पडलं आणि एसुसच्या गळ्यात घालून मोकळं झालं.

एक लिटर

आणि सुट्या भागांवाले फार भरवशाचे का? मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या आपल्या रॅमच्या ब्रँडचा ग्राहकांचा धंदाच गुंडाळायचं जाहीर केलं. आता रॅमच्या काड्या घरी विणणार का?

मावशी, गप्प का? एक साधं विचारतो. घरातल्या इतरांना काय घेऊन दिलंत?

मदरबोर्ड मावशी

हे लिहायचं नव्हतं, पण विचारलंच आहे. आईला डबी. तिला पत्रं टाइप करायची आणि नातवंडांना बघायचं असतं. तीन वर्षांत तिचा एकदाही 'हे चालत नाहीये' म्हणून फोन आला नाही. थोडा आला असता तरी चाललं असतं.

झालं समाधान? फ्रेम करून लावा.

एक लिटर

लावतो. बदल्यात माझंही घ्या. माझ्या डबीचा पंखा गेल्या महिन्यापासून घरघरतोय. सुटा मिळत नाही, हीटसिंकसकट (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागासकट) अख्खा भाग घ्या म्हणतात. सध्या डबी आडवी ठेवली की गप्प बसते, म्हणून आडवी ठेवलीय.

सुटा स्क्रू

आहाहा. आणि तो एक नंबर?

एक लिटर

पुढे बोलू नका.

मदरबोर्ड मावशी

त्या साठ वॅटवर मात्र विश्वास बसेना, म्हणून आज प्लगला मीटर लावून मोजलं. रिकामा असताना ७१. ग्राफिक्स कार्ड काढून पाहायला गेले तर पडदाच काळा. ५८००एक्स३डीला स्वतःचं ग्राफिक्स नाही हे विसरलेच होते. मग कार्ड परत बसवलं आणि बायोसमध्ये खुडबुड करत बसले. पाऊण तासानंतर ६४. तुमच्या आकड्यापेक्षा चार जास्तच. लिहिला, कारण लपवला असता तर झोप लागली नसती. मग शटडाउन केलं, मीटरवर तरीही दोन वॅट. शेवटी कॅबिनेटच्या मागचा खटका पाडला.